माळकरी माणसाला झटका येतोच कसा?

अण्णांना हार्ट अटॅक आला तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. आळेफाट्याच्या चौकाजवळ त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. संध्याकाळी दुकान बंद करताना छाती जड झाली, डावा हात भरून आला. पित्त असेल म्हणून त्यांनी समोरच्या टपरीवर सोडा प्यायला, शटर ओढलं आणि स्वतः मोटरसायकल चालवत घरी आले. रात्री साडेनऊला घामाने बनियन भिजलं तेव्हा शेजारच्या नानांनी गाडी काढली. नारायणगावात ईसीजी निघाला, ‘पुण्याला न्या’ म्हणाले. मंचर, खेड, चाकण असं करत गाडी पुण्यात पोचली, तोवर मी हॉस्पिटलच्या दारात दीड तास उभी होते.

अँजिओप्लास्टी झाली, अण्णा वाचले. तिसऱ्या दिवशी आजीशी फोनवर बोलले. तिने आधी त्यांच्या तब्येतीचं विचारलं आणि मग म्हणाली, “आपल्यात तीन पिढ्या कुणी अंड्याला हात लावला नाही गं. दारू नाही, बिडी नाही. मग माळकरी माणसाला झटका येतोच कसा?”

मला उत्तर देता आलं नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सिस्टीम पडली की लॉग उघडायचे, कुठली ओळ चुकली ते शोधायचं, ही सवय. तशीच मी या प्रश्नामागे लागले. शाकाहार हृदयाला चांगला की वाईट, एवढंच मला हवं होतं. वाचत गेले तेव्हा कळलं, की आजीचा प्रश्न जुना आहे आणि तो आपल्याच राज्यात, वेगवेगळ्या रूपांत, निदान तीनदा विचारला गेलाय. एकदा परळला, एकदा पश्चिम रेल्वेच्या कचेरीत आणि एकदा पुण्यात रास्ता पेठेत.

*

आधी आमच्या घरच्या शाकाहाराविषयी सांगायला हवं. आळे गावात, फाट्यापासून जवळच, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे. तिथल्या यात्रेला आमच्या घरातलं कुणी ना कुणी जातंच. पणजोबांनी माळ घातली, मग आजोबांनी, मग सोळाव्या वर्षी अण्णांनी. माळ घातली की मटण-मासे बंद. त्यात तब्येतीचा विचार नव्हता. ते व्रत होतं.

पण माळ सांगते काय खायचं नाही ते. काय खायचं, ते शेत आणि पैसा ठरवतो. आजी सांगते त्यावरून पणजोबांचं ताट असं होतं: बाजरीची भाकरी, हुलग्याचं किंवा मटकीचं कालवण, रानातली भाजी, ताक, कांदा. गोड सणालाच. मासवडी पाहुणे आले तर. आमच्या जुन्नर भागाची मासवडी बाहेर प्रसिद्ध आहे. शिजवलेल्या बेसनाची पोळी फडक्यावर थापून तिच्यात तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरायचं, गुंडाळी करायची आणि वड्या कापून झणझणीत रश्श्याबरोबर वाढायच्या. नावात मासा आहे, ताटात नाही. पुण्यातल्या मैत्रिणींना ‘ही व्हेज आहे’ हे मला दर वेळी सांगावं लागतं.

अण्णांचं ताट वेगळं होतं. दुकानावर दिवसाला सात-आठ साखरेचे चहा, दुपारी डबा, चारला वडापाव नाहीतर भेळ, एकादशीला तुपातली साबुदाण्याची खिचडी. रात्री भाकरीऐवजी चपाती आणि भात. पणजोबाही शाकाहारी आणि अण्णाही शाकाहारी. शब्द तोच, पण दोन ताटांत साम्य फार थोडं. हे माझ्या लक्षात यायला मात्र मला परळपासून सुरुवात करावी लागली.

*

१९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांमध्ये, त्यांत गिरणी कामगारही होत्या, एक भयंकर पंडुरोग दिसत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने अवाजवी मोठ्या होत. कितीतरी बायका त्यात जात. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये मातामृत्यूंची चौकशी चालू होती, तिचा भाग म्हणून विल्स हे काम करत होत्या.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९२६ मध्ये, बोस्टनमध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवलं होतं, की अशाच दिसणाऱ्या एका पंडुरोगावर प्राण्यांचं यकृत खायला दिलं की रोगी बरा होतो. म्हणजे खाण्यातलं काहीतरी कमी पडत होतं. मुंबईत मग साहजिक कुणाच्याही मनात येईल, की इथे शाकाहारी जास्त, म्हणून रोग जास्त. विल्स यांनी ते गृहीत धरलं नाही. कोणत्या थरातल्या बायका काय खातात हे त्यांनी पाहिलं. सगळ्यात निकृष्ट आहार आणि सगळ्यात जास्त रोग त्यांना आढळला तो गरीब मुसलमान बायकांमध्ये. त्यांच्या धर्माने मांस वर्ज्य केलेलं नव्हतं. ताटात पुरेसं काही नव्हतं, इतकंच.

पुढे त्यांनी उंदीर आणि माकडांवर प्रयोग केले. शुद्ध केलेल्या यकृताच्या अर्काने मुंबईचा हा रोग बरा होईना, पण मार्माइटने झाला. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टचा अर्क, स्वस्तातला. १९३१ मध्ये त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. त्या अनोळखी द्रव्याला काही काळ ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड म्हटलं गेलं. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर मिळणारी गोळी ती हीच.

बोस्टनच्या यकृतातलं द्रव्य वेगळं होतं. ते १९४८ मध्ये हाती लागलं: जीवनसत्त्व ब१२. फोलेट आणि ब१२ शरीरात जोडीने काम करतात. त्यांतलं एक कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं एक द्रव्य साचतं. १९६९ मध्ये अमेरिकेत किल्मर मॅककली यांनी मांडलं, की साचलेलं होमोसिस्टीन रक्तवाहिन्या खराब करतं. अशा तऱ्हेने पंडुरोगाचा प्रश्न हृदयापर्यंत आला.

*

तोवर हृदयाची वेगळी चौकशी मुंबईतच होऊन गेली होती. डॉ. एस. एल. मल्होत्रा हे पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी. रेल्वे म्हणजे संशोधकाला आयती मिळालेली वही. देशभर पसरलेले लाखो नोकर, मालक एकच, पगाराच्या श्रेणी ठरलेल्या, स्वतःचे दवाखाने आणि मृत्यूंच्या नोंदी. मल्होत्रांनी उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या रेल्वे कामगारांचे हृदयविकाराने झालेले मृत्यू ताडून पाहिले आणि १९६७ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापला. दक्षिणेत हे प्रमाण उत्तरेच्या सातपट होतं.

गंमत अशी, की स्निग्ध पदार्थ उत्तरेतले लोक कित्येक पटींनी जास्त खात होते आणि तेही बहुतेक तूप आणि दूध-दही. दक्षिणेतले खात होते थोडं, आणि तेही बियांचं तेल. ज्या काळात पाश्चात्त्य जगात लोणी आणि चरबी ही हृदयाची वैरी ठरत होती, त्या काळात हा आकडा सगळ्यांनाच अडचणीचा होता. मल्होत्रांनी स्वतः विरजलेलं दूध, चावून खायचं तंतुमय अन्न अशी कारणं सुचवली. ती आज फारशी कुणी मानत नाही. दोन प्रांतांत हजार गोष्टी वेगळ्या असतात, त्यांतून एकट्या तुपाला ना दोषी ठरवता येतं ना निर्दोष. हा अभ्यास दाखवून मनसोक्त तूप खा म्हणणारे लोक मला इंटरनेटवर पुष्कळ भेटले, त्यांनी तो बहुधा पुरता वाचलेला नाही. पण तूप खाल्लं की झटका आणि सोडलं की सुटका, हे सोपं गणित मात्र मोडलं.

अठरा वर्षांनी लंडनमध्ये तसंच झालं. तिथल्या आशियाई लोकांना हृदयविकार गोऱ्यांपेक्षा जास्त होत होता. पॉल मॅकीग, मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये लॅन्सेटमध्ये वायव्य लंडनच्या आशियाई लोकांचा आहार मांडला. त्यांत गुजराती हिंदू बरेच, पुष्कळ शाकाहारी. त्यांचा आहार पुस्तकाप्रमाणे गोऱ्यांपेक्षा चांगला होता. संपृक्त चरबी कमी, कोलेस्टेरॉलही जास्त नाही. तरी हृदय आजारी. आजीचाच प्रश्न, फक्त इंग्रजीत.

*

तिसरी चौकशी माझ्या ऑफिसपासून तासाभराच्या अंतरावर झाली. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर काम करतात. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळजवळ पाऊण किलो हलकी. पण वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीखालची चरबी टिकून होती, कमी होते ते स्नायू. बारीक दिसणारं, पण आतून चरबी राखून असलेलं शरीर. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी लॅन्सेटमध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. अण्णा आयुष्यभर ‘अंगाने सडपातळ’ म्हणून निर्धास्त होते. मी तो फोटो पाहिला तेव्हा मला त्यांचा शर्टाआडचा गोल पोटाचा नगारा आठवला.

याच गटाने नॉर्वेच्या हेल्गा रेफ्सुम यांच्यासोबत २००१ मध्ये पुण्यातल्या २०४ जणांच्या रक्ताचे आकडे छापले. त्यांत ४७ टक्क्यांत ब१२ कमी होतं आणि ७७ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेलं. २००६ मध्ये खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे ४४१ पुरुष तपासले. ब१२ कमी असलेले ६७ टक्के, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. शाकाहाऱ्यांना ही कमतरता असण्याचा धोका मांसाहाऱ्यांच्या ४.४ पट.

कारण सरळ आहे. ब१२ वनस्पतीत नसतं, ते फक्त जिवाणू बनवतात. माणसाला ते मिळतं मांस, मासे, अंडी आणि दुधातून. शाकाहाऱ्याला आधार फक्त दुधाचा. आमच्याकडे दोन गायी आहेत. दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जातं. घरात राहतं ते चहापुरतं.

मी माझं रक्त तपासलं. ब१२ यायला हवं होतं निदान दोनशेच्या वर, आलं १२४. मला वाटलं, सापडली ओळ. अण्णांचंही कमीच निघालं होतं. शाकाहार, म्हणून ब१२ कमी, म्हणून होमोसिस्टीन जास्त, म्हणून झटका. साखळी इतकी नीट जुळत होती, की मी ती घरी फोन करून सांगितलीसुद्धा.

साखळी मधेच तुटते, हे मला नंतर कळलं. त्या २००१ च्या अभ्यासात हृदयविकाराचे रोगी, मधुमेही आणि धडधाकट माणसं असे वेगवेगळे गट होते आणि ब१२ किंवा होमोसिस्टीनच्या बाबतीत त्यांच्यात लक्षणीय फरकच नव्हता. पुण्यात ते सगळ्यांचंच बिघडलेलं होतं. शिवाय २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. हजारो हृदयरोग्यांना ब गटाची जीवनसत्त्वं वर्षानुवर्षं दिली, होमोसिस्टीन उतरलं, पण हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. ब१२ ची कमतरता भरून काढायलाच हवी, ती नसांसाठी, रक्तासाठी, पोटातल्या बाळासाठी. पण अण्णांच्या झटक्याचा आळ मी तिच्यावर घालू शकत नव्हते.

*

मग शाकाहार चांगला की वाईट? इंग्लंडमध्ये ४८ हजारांवर लोकांचा अठरा वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शाकाहाऱ्यांत हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी निघाला आणि पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त. पण तिथला शाकाहारी म्हणजे बहुधा विचार करून मांस सोडलेला, तब्येतीकडे बघून खाणारा माणूस. आमच्याकडे शाकाहार जन्माने मिळतो, त्याच्यासोबत जागरूकता मिळेलच असं नाही. लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूरच्या कारखान्यांतले कामगार आणि त्यांच्या नातेवाइकांवर झालेल्या एका अभ्यासात, २०१४ मध्ये, शाकाहाऱ्यांचं कोलेस्टेरॉल आणि खालचं ब्लडप्रेशर थोडं बरं निघालं. पण थोडंच. त्याच लोकांत शाकाहारी डाळी आणि भाज्या जास्त खात होते, तशी साखरही जास्त खात होते.

मला सगळ्यात लागला तो आणखी एक आकडा. ५२ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासातून दक्षिण आशियाई लोकांचा भाग वेगळा काढून २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत ५९ च्या सुमारास. कारणं तीच, जगभर सारखी: तंबाखू, मधुमेह, ब्लडप्रेशर, पोटाचा घेर, रक्तातली चरबी, ताण. फक्त ती आपल्याला लवकर गाठतात. आणि झटका न आलेल्या लोकांतही रोज फळं-भाज्या खाणारे आपल्याकडे २६.५ टक्के, बाहेर ४५.२ टक्के. शाकाहाराचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या भागात शाक खाणारेच कमी.

आमच्या तालुक्यात हे खरं असावं ही कमालच आहे. नारायणगावला टोमॅटोचा बाजार, आळेफाट्याला कांद्याचा, सगळीकडे द्राक्षांच्या बागा. पण जे पिकतं ते गाडीत भरून जातं. दूध डेअरीला, टोमॅटो मार्केटला आणि घरात बटाट्याचा रस्सा. अण्णांच्या दुकानासमोरून रोज कितीतरी क्रेट जायचे आणि ते वडापाव खात बसायचे.

त्या वड्याच्या तेलाचाही इतिहास आहे. तुपाला स्वस्त पर्याय म्हणून १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. तेलात हायड्रोजन घालून ते तुपासारखं घट्ट करायचं. पूर्ण शाकाहारी. लग्नाच्या पंगतीत, मिठाईत, फरसाणात तो दोन पिढ्या चालला. या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला संपृक्त चरबीपेक्षाही वाईट, हे जगाला १९९० च्या दशकात नीट कळलं. भारतात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली २०२२ मध्ये. तोवर अण्णांचं निम्म्याहून अधिक आयुष्य चौकातली खारी आणि फरसाण खाण्यात गेलं होतं.

डिस्चार्जच्या वेळी त्यांचे कागद मी नीट वाचले. उपाशीपोटीची साखर १६८. मधुमेह आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं, किती वर्षं होता कोण जाणे. चांगलं कोलेस्टेरॉल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त. त्यात मटणाचा संबंध नव्हता आणि माळेचाही नव्हता. परळमध्ये विल्स यांनी धर्म बाजूला ठेवून ताट बघितलं होतं. मला ते करायला वर्ष लागलं.

*

डिस्चार्जच्या कागदाला एक छापील आहारपत्रकही जोडलेलं होतं. त्यात रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग. घरी त्यावरून दोन दिवस अबोला झाला. अण्णा म्हणाले, “मरण आलं तरी चालंल, माळ काढणार नाही.” मी अंडी आणायला तयार होते. पुण्यात मी दोन वर्षं खातेय, हे तेव्हा घरात कुणाला माहीत नव्हतं. नंतर समजलं, की अंड्यातलं ब१२ मुख्यतः पिवळ्या बलकात असतं. म्हणजे त्या कागदाने माळ मोडली असती आणि ब१२ चं काम झालंच नसतं. प्रथिनं तर हुलगा, मटकी आणि दह्यातूनही मिळतात.

मग आम्ही ताट बदललं. दोन वेळच्या दुधातलं एक लिटर घरी ठेवतो, दही लावतो. चहा दोनदा, बिनसाखरेचा. भाकरी परत आली, हुलगे परत आले, भाजी ताटातली अर्धी जागा घेते. अण्णा रोज आळ्यापर्यंत चालत जातात, समाधीला हात लावून येतात. औषधं चालू आहेत, ती सोडायची नाहीत हे मी दर आठवड्याला बजावते. मासवडी महिन्यातून एकदा, रश्श्यावर तवंग न आणता. त्यावर आजी अजून नाराज आहे.

ब१२ च्या गोळीवरून तिने मला अडवलं. “गोळी कशाची बनवत्यात? ते आधी सांग.”

मी तिला सांगितलं, की पूर्वी हे औषध जनावराच्या यकृतातून काढायचे. आता मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवतात, त्यांच्यापासून मिळतं. कॅप्सूलच्या वेष्टनात जिलेटिन असू शकतं, म्हणून मुद्दाम साधी गोळी आणलीय.

“जिवाणू म्हंजे?”

“दह्याच्या विरजणात असतात ना, तसलेच.”

तिने गोळी तळहातावर घेऊन पाहिली. “मंग चालंल,” म्हणाली आणि माझ्याकडे हात पसरला. तिचंही ब१२ कमीच असणार, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिचंही रक्त तपासायला दिलं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला पूर्ण सांगितलं. साखर, पोटाचा घेर, चौकातलं तेल, न खाल्लेल्या भाज्या, सगळं. तिने ऐकून घेतलं. परवा शेजारच्या काकू अण्णांना बघायला आल्या होत्या, त्यांना ती सांगत होती, “पोरगी म्हणते ते सगळं खरं असंल. पण माळ व्हती म्हणून वाचला.”

मी भाजी निवडत होते. मधे बोलले नाही.